लेड-फ्री म्हणून आलेली हिरवी पावडर: रबाळ्यातली एक केस

केस थोडक्यात अशी आहे. नवी मुंबईतल्या एका कॉलेजमधल्या एमएस्सीच्या दोन मुलींनी (कॉलेजचं नाव घेत नाही, गरज पण नाही) प्रोजेक्टसाठी बिनशिशाची, हिरवा उजेड देणारी पावडर बनवली, ती ३६५ नॅनोमीटरच्या म्हणजे यूव्ही टॉर्चखाली इतकी भारी चमकली की त्यांच्या मॅडमनी एका कॉन्फरन्सला ॲबस्ट्रॅक्ट पाठवून सुद्धा टाकला, आणि मग ही पावडर खऱ्या एलईडीवर लावून कशी दिसते ते बघायला आमच्याकडे आली. मी रबाळे एमआयडीसीत एलईडी मॉड्यूल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत क्वालिटी बघतो. तपासाअंती निघालं असं की त्या हिरव्या उजेडातला मोठा हिस्सा शिशाचाच होता, आणि तरीही कायद्याच्या मापाने पावडर लेड-फ्री म्हणून आरामात पास होत होती. मी लिहितोय ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. पहिली काय, शेअर केलेल्या लॅबमध्ये होतच असते.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

पेरोव्हस्काइट म्हणजे मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेलं कॅल्शियम टायटनेटचं खनिज. त्याच्या अणूंची जी रचना आहे त्याच घराण्यातली रचना सीझियम, शिसं आणि ब्रोमीन घेऊन केली की मिळतं सीझियम लेड ब्रोमाइड, आणि ते हिरवा उजेड देतं. साधारण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि स्पेक्ट्रममधली रेघ, म्हणजे रंगाचा पट्टा, इतकी बारीक की अर्ध्या उंचीवर रुंदी जेमतेम २० नॅनोमीटर. २०१४ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी लेड पेरोव्हस्काइटचा एलईडी खोलीच्या तापमानाला चालवून दाखवला, २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधून सीझियम लेड हॅलाइडचे नॅनोक्रिस्टल आले, आणि २०१८ पर्यंत असे एलईडी २० टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमतेच्या (शंभर इलेक्ट्रॉन घातले तर उजेडाचे किती कण, म्हणजे फोटॉन, बाहेर येतात ते माप) वर गेले. ज्यांनी सेमीकंडक्टरमध्ये काम केलंय त्यांना कळेल की चार वर्षांत एवढी उडी म्हणजे काय. कारण असं की शिशाच्या या क्रिस्टलमध्ये खोट राहिली तरी उजेड फारसा मरत नाही, बीकरमध्ये गरमागरम बनवलेला माल पण चमकतो, आणि क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीन अदलाबदल करून निळ्यापासून लालपर्यंत हवा तो रंग काढता येतो.

भानगड एकच, वजनाने जवळपास ३६ टक्के शिसं. आणि ते पाण्यात विरघळू शकतं अशा रूपात.

मग शिसं काढायचं म्हटलं की काय काय घालून बघतात? कथिल घातलं तर त्याचा दोन-प्लस आयन हवा लागली की चार-प्लस होतो, खेळ खल्लास. बिस्मथ-अँटिमनीचे साधे प्रकार बनतात छान, पण चमक मंद. चांदी आणि इंडियम जोडीने घातलेल्या डबल पेरोव्हस्काइटमध्ये २०१८ ला वुहानच्या ग्रुपने कमाल केली, थोड्या चांदीच्या जागी सोडियम आणि किंचित बिस्मथ घालून ८६ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचा उबदार पांढरा उजेड काढला, पण तो पांढराच, म्हणजे भरपूर पसरट. कॉपर आयोडाइडवाला सीझियमचा मसाला झकास निळा देतो, ४४५ च्या आसपास, पण त्याला चेतवायला ३०० नॅनोमीटरच्या जवळचं खोल यूव्ही लागतं, बाजारातल्या ३६५ च्या टॉर्चखाली तो ढिम्म बसून राहतो. एकूण बिनशिशाच्या बहुतेक मालात ऊर्जा जाळीत एका जागी अडकून मग बाहेर पडते, त्यामुळे रेघ रुंद येते. हे डोक्यात ठेवा, बारीक रेघ आणि बिनशिसं हे दोन्ही एकत्र दिसलं की भुवई वर गेलीच पाहिजे.

या मुलींनी निवडला होता मँगनीजचा रस्ता. तीन सीझियम, एक मँगनीज, पाच ब्रोमीन. काटेकोर बोलायचं तर हे पेरोव्हस्काइट नव्हेच, मँगनीजभोवती चार ब्रोमीनचे सुटे सुटे चौफलक असतात, पण संशोधनात त्याच कुटुंबात धरतात आणि प्रोजेक्टच्या नावात तो शब्द आला की बरं दिसतं, त्यामुळे कोणी हरकत घेत नाही. निवड मात्र हुशारीची होती. हा पदार्थ खरोखर हिरवा देतो, ५२० नॅनोमीटरला, ३६५ च्या टॉर्चने पण चेततो आणि निळ्या चिपने पण, आणि बिनशिशाच्या मानाने रेघ बरीच बारीक, छापील आकडा ४२ नॅनोमीटर.

आता गंमत बघा. खरा मँगनीजचा हिरवा ५२० ला. शिशाचा हिरवा पण ५२० ला. डोळ्याला दोन्ही सेम.

पावडर आली ती

कृती सोपी. ६.३८ ग्रॅम सीझियम ब्रोमाइड, २.१५ ग्रॅम मँगनीज ब्रोमाइड, म्हणजे तीनास एक, अगेटच्या मॉर्टरमध्ये, म्हणजे अकीक दगडाच्या खलात, घोटायचं, ओव्हनमध्ये सुकवायचं, परत घोटायचं. साडेआठ ग्रॅम माल. जुलैतलं काम, आणि जुलैत नेरूळ-वाशी पट्ट्यात हवा म्हणजे ओला टॉवेलच, त्यामुळे सिलिका जेल भरलेल्या पारदर्शक पिशवीत हात घालून घोटणं चाललेलं. एक बाटली पहिल्या बॅचची, चकाचक. दुसरी बाटली नंतरच्या बॅचची, ती जरा मंद. तिच्या वेळेला कॉलेजचा मॉर्टर दुसऱ्या ग्रुपने नेला होता म्हणून एकीने घरून पैसे घालून छोटा नवा मॉर्टर आणला होता. हा तपशील तेव्हा कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता, मला पण तो दुसऱ्या भेटीत कळला.

"सर, दोन्ही सेमच आहेत, फक्त पहिली जास्त ब्राइट आलीय, आम्ही तीच प्रेझेंट करतोय." असं म्हणून बाटली माझ्या हातात.

मी सवयीने आधी दिवसाउजेडी, टॉर्चशिवाय बघतो. मंद बॅच जवळपास पांढरट. चकाचक बॅचवर अगदी हलकी पिवळसर झाक. पिवळसर म्हणजे निळा उजेड कुणीतरी ठासून पितंय. मँगनीज एवढा पीत नाही, त्याच्यातली इलेक्ट्रॉनची जी उडी आहे ती नियमाने जवळजवळ मना असलेली, म्हणून शोषण कमजोर. इथेच मनात पहिली पाल चुकचुकली.

मग सिलिकॉनमध्ये कालवून ४५० च्या निळ्या चिपवर दोन्हीचे थेंब टाकले, भट्टीत पकवले, इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये, म्हणजे सगळा उजेड गोळा करणाऱ्या पोकळ गोळ्यात, लावून स्पेक्ट्रम काढला. मंद बॅच: शिखर ५२१, रुंदी ४३. पुस्तकातल्यासारखं. चकाचक बॅच: शिखर ५१९, रुंदी २४, आणि आकार विचित्र, पायथा रुंद आणि वर मधूनच सुळका. एका पदार्थाचं शिखर असं दिसत नाही, हे दोघांचं मिळून झालेलं चित्र आहे. कॉलेजच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये नेमका हाच २४ चा आकडा मिरवला होता, आजवरच्या मँगनीज ब्रोमाइडपेक्षा बारीक हिरवा वगैरे.

मला तिथल्या तिथे शिशाचा वास आला. पण वास येणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या लिस्टमध्ये लेडचं एक पण केमिकल नाहीये, बिलं दाखवते हवी तर." बिलं खरी होती. दवा बाजारातून आणलेलं सीझियम ब्रोमाइड, मँगनीज ब्रोमाइड, बस.

आमचं मशीन काय म्हणालं

आमच्याकडे आरओएचएससाठी (इलेक्ट्रॉनिक मालात शिशासारख्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा नियम) एक्सआरएफ मशीन आहे, म्हणजे क्ष-किरण मारून मालात कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारं. ऑपरेटर पोराने बाटली लावली, बटण दाबलं, आणि मशीन ब्रोमीनच्या नावाने बोंब मारायला लागलं. लाल अक्षरात फेल. बरोबरच आहे, बंदी असलेली ब्रोमीनवाली आगरोधक रसायनं पकडायला ते एकूण ब्रोमीन मोजतं, आणि आमच्या पावडरीत वजनाने ४७ टक्के ब्रोमीन. त्याला काय माहीत की हे मीठ आहे, प्लॅस्टिकमधलं ते रसायन नाही. ते फेल फेकून द्यायचं.

पण शिशाच्या रकान्यात ना पास ना फेल, अनिर्णित, आणि चूक-मर्यादा आकड्याएवढीच मोठी. ऑपरेटर म्हणाला, "फेल तर नाय ना दाखवत, सोडून देऊ." असं सोडता येत नाही. शिशाची जी क्ष-किरण रेघ मशीन बघतं, १२.६ केईव्हीची (केईव्ही म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप), ती नेमकी ब्रोमीनच्या ११.९ आणि १३.३ च्या दोन दांडग्या रेघांच्या बेचक्यात येते. ब्रोमीन थोडं असेल तर ठीक, अर्धी पावडरच ब्रोमीन असेल तर त्या दोघांच्या पायथ्याखाली शिसं गाडलं जातं. शिशाची दुसरी रेघ १०.५ ला आहे, ती उरते, पण आमचं मशीन प्लॅस्टिक आणि सोल्डरसाठी कॅलिब्रेट केलेलं, असल्या सीझियमने भरलेल्या मालावर त्याच्या पीपीएमचा (दहा लाखात किती भाग, तो आकडा) भरवसा मी धरत नाही. ज्यांच्याकडे असं मशीन आहे आणि जे ब्रोमाइड पेरोव्हस्काइट त्याच्यावर तपासून सर्टिफिकेट छापतात, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

ऑसिलोस्कोपवर दिसलेलं

खरं काम झालं ते कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये, आणि तिथे जायला केमिस्ट्रीवाल्यांचं मन वळवावं लागलं, कारण दोन डिपार्टमेंटमध्ये काहीतरी जुनं आहे, आपण त्यात पडायचं नाही.

कल्पना अशी. शिशाचा पेरोव्हस्काइट उजेड देऊन मोकळा होतो काही नॅनोसेकंदांत, फार तर थोडं जास्त. मँगनीजची उडी मना असल्यामुळे तो रेंगाळतो, शेकडो मायक्रोसेकंद. दोघांत लाखाच्या घरातला फरक. नॅनोसेकंद मोजायला लाखोंचं उपकरण लागतं, पण "हे रेंगाळतंय की लगेच विझतंय" एवढंच बघायचं तर कुठल्याही कॉलेजमधला साधा डिजिटल स्कोप, म्हणजे सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो ते स्क्रीनवर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप, पुरतो.

टॉर्चमधला ३६५ चा एलईडी काढला, मॉसफेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, जोडला, फंक्शन जनरेटरने शंभर हर्ट्झला चालू-बंद. समोर पावडर, बाजूला उजेड मोजायला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि डायोडवर पिवळी जिलेटीन शीट म्हणजे यूव्ही आणि निळा आत येणार नाही. खर्च म्हणाल तर लॅमिंग्टन रोडवर एका वडापाव-चहाच्या पार्टीएवढा.

पहिल्यांदा मुलींनी तुलनेसाठी पावडरीच्या जागी पांढरा ए-फोर कागद ठेवला, म्हणजे गळून येणारा यूव्ही किती ते कळेल. आयडिया चांगली पण कागद चुकीचा, कारण झेरॉक्सच्या कागदात चमक आणणारं द्रव्य असतं, ते स्वतःच यूव्हीखाली निळसर पेटतं आणि त्याचं शेपूट पिवळ्या शीटमधून थोडं आत येतं. फिजिक्सच्या सरांनी बेरियम सल्फेटची, म्हणजे यूव्हीखाली स्वतः न पेटणाऱ्या पांढऱ्या पावडरीची, डबी दिली, त्यावर घेतलं तेव्हा रेघ जवळपास शून्यावर. म्हणजे गळती नाही.

मग मंद बॅच ठेवली. एलईडी बंद झाला आणि स्क्रीनवरची रेघ आरामात घसरत घसरत खाली आली, गोल उतार, अर्ध्या मिलिसेकंदाच्या पुढेपर्यंत शेपूट. एकदम शुद्ध मँगनीज. मग चकाचक बॅच. एलईडी बंद होताच रेघ सरळ उभी खाली कोसळली, निम्म्याहून जास्त उंची एका झटक्यात गेली, आणि उरलेली मग त्याच ओळखीच्या उताराने खाली. एकाच पावडरीत दोन जण राहत होते हे तिथे डोळ्यांनी दिसत होतं. वरचा कडा म्हणजे झटपट विझणारा, खालचा उतार म्हणजे मँगनीज. त्यातली मोठी मुलगी बराच वेळ नुसती टाइमबेस, म्हणजे स्क्रीनवरचा काळ ताणणारं बटण, फिरवत राहिली, जितका ताणला तितका कडा कडाच राहिला, आणि मग म्हणाली, "म्हणजे आमची ब्राइटनेस आमची नाहीच."

हा झटपट विझणारा शिशाचाच, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. तर त्यासाठीची टेस्ट इतकी बाळबोध आहे की मला अजून नवल वाटतं ती सगळ्यात आधी कुणी का करत नाही. कॉलेजच्या त्या जुन्या मॉर्टरमध्ये नुसतं सीझियम ब्रोमाइड घोटायचं. मँगनीज नाही, काही नाही, बाटलीतलं पांढरं मीठ. बाटलीतलं मीठ टॉर्चखाली काळंच दिसतं. तेच पाच मिनिटं घोटलं, अंधार केला, टॉर्च मारला.

हिरवं.

सगळीकडे नाही, पण भिंग लावून बघितलं तर मिठात बारीक बारीक हिरवे ठिपके, आणि मॉर्टरच्या तळाला जिथे अगेटला केसासारखे चरे पडलेत तिथे जास्त. सीझियम ब्रोमाइडला शिशाचा अंश मिळाला की त्यातच सीझियम लेड ब्रोमाइडचे कण तयार होतात, ही गोष्ट १९९० च्या दशकापासून माहीत आहे, पेरोव्हस्काइटची फॅशन यायच्या कितीतरी आधी. मिठात गुंडाळलेले हे छोटे कण उलट जास्तच छान चमकतात.

लॅबचे मामा बाजूला उभे होते, ते शांतपणे म्हणाले, "ह्याच्यात गेल्या वर्षीच्या पोरांनी ते केशरी घोटलेलं, रोज घोटायची." केशरी म्हणजे सीझियम लेड ब्रोमाइडची जाड पावडर, दिवसाउजेडी ती तशीच दिसते. झालं. कांदा चिरलेल्या सुरीने सफरचंद कापल्यासारखा प्रकार, आणि मॉर्टर पाण्याने धुवून ठेवला होता असं सगळे शपथेवर सांगत होते, ते खरंही असेल, पण अगेटच्या चऱ्यात बसलेलं पाण्याने निघत नाही.

एक आडवी नोंद. बेंचवर उघडं राहून दमटलेल्या पहिल्या बॅचचा एक चमचाभर नमुना मुलींनी फेकला नव्हता. मँगनीजच्या या पदार्थाला ओल अजिबात चालत नाही, त्याचा लगदा होऊन हिरवा विझला होता, पण त्या मेलेल्या लगद्यात पण तेच बारीक हिरवे ठिपके जिवंत होते. ते आधी बघितलं असतं तर स्कोपपर्यंत जायलाच लागलं नसतं.

६४० पीपीएमची भानगड

आकडा हवा होता म्हणून दोन्ही बॅच नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (बाहेरच्यांसाठीही खुली असलेली उपकरणांची लॅब) आयसीपीला, म्हणजे द्रावणातलं मूलद्रव्य अगदी थोडं असलं तरी मोजणाऱ्या तपासणीला, दिल्या. ऐरोलीचा पूल ओलांडून गेलं की पवई काही लांब नाही, तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेतात आणि दर पण परवडतात. रिपोर्ट: नव्या मॉर्टरची बॅच, शिसं १० पीपीएमच्या आत. जुन्या मॉर्टरची, ६४० पीपीएम.

आता इथे खरी केस सुरू होते. आरओएचएसची शिशाची मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम, आणि आपल्याकडच्या ई-कचरा नियमांत पण तोच आकडा आहे, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांतसुद्धा. ६४० म्हणजे पास. डोळे मिटून पास.

आमच्या शेठचा पहिला प्रश्न तोच. "अरे रिपोर्ट पास आहे ना? आणि जी पास आहे तीच जास्त चमकते ना? मग अडवतोस कशाला?" धंद्याच्या बाजूने प्रश्न अगदी रास्त. त्यांना कॅटलॉगमध्ये लेड-फ्री पेरोव्हस्काइट असं छापायचं होतं, आमच्या लाइनमध्ये आजूबाजूला कोणाकडे ते नाही.

तर हिशोब मांडू. साडेआठ ग्रॅम मालात ६४० पीपीएम म्हणजे साडेपाच मिलिग्रॅम शिसं. सीझियम लेड ब्रोमाइडमध्ये शिसं ३६ टक्के, म्हणजे तो पदार्थ झाला साधारण १५ मिलिग्रॅम. चिमटीत मावणार नाही इतका कमी. एकूण मालाच्या ०.१८ टक्के. आणि हा ०.१८ टक्के निम्म्याहून जास्त उजेड देत होता, कारण शिशाचा पेरोव्हस्काइट निळा-जांभळा उजेड हजारो पटींनी जास्त ताकदीने शोषतो, मँगनीज बिचारा आपल्या मना केलेल्या उडीने थोडाथोडा पितो. म्हणजे कायदा वजन मोजतो, आणि उजेड वजनावर चालत नाही.

हे उलटं वापरलं तर काय होतं ते पण बघा. आरओएचएस मोजतं ते होमोजिनस मटेरियलवर, म्हणजे स्क्रू काढून, कापून, खरवडून जे पुढे वेगळं करता येत नाही त्याच्यावर. सिलिकॉनमध्ये कालवलेली पावडर वेगळी करता येत नाही, म्हणून सिलिकॉनसकट वजन धरायचं. मग शंभर टक्के शिशाचा, खुल्लमखुल्ला सीझियम लेड ब्रोमाइड सुद्धा सिलिकॉनमध्ये ०.२५ टक्के घातला तर शिसं येतं ९०० पीपीएमच्या आत, पास. एक टक्का घातला तर साडेतीन हजारच्या वर, फेल. पातळ करत गेलं की कुठलाही शिशाचा पेरोव्हस्काइट एका टप्प्याला आरओएचएस-पास होतो, त्यात बेकायदेशीर काही नाही. मला स्वतःला त्या १००० च्या मर्यादेबद्दल तक्रार पण नाही, ती कचऱ्यात शिसं किती जातं यासाठी ठेवलीय आणि त्या कामाला ठीक आहे. पण आरओएचएस-पास याचा अर्थ उजेड बिनशिशाचा आहे असा होत नाही, आणि हे दोन शब्द डेटाशीटवर शेजारी शेजारी छापले की वाचणारा तोच अर्थ घेणार.

मी शेठना एवढंच म्हटलं की आपला एक एक्सपोर्टचा कस्टमर मटेरियल डिक्लरेशन मागतो, त्याच्यात शिसं कुठून आलं असा रकाना आहे, तिथे "मॉर्टरमधून" असं लिहू का? ते हसले, विषय संपला. इनवर्ड रजिस्टरमध्ये मी पहिल्या बॅचसमोर लिहिलं: शिसं ६४० पीपीएम, आरओएचएस मर्यादेत, उजेडात शिशाचा भाग, लेड-फ्री लेबल नाही.

मॅडमचं काय झालं

मॅडमशी बोलणं जरा नाजूक होतं, ॲबस्ट्रॅक्ट गेलेला, मुलींचे मार्क, सगळंच. पण बाईंनी स्कोपचे फोटो आणि नुसत्या मिठाचा फोटो बघितला आणि वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचं म्हणणं फक्त एवढं होतं की एवढी उठाठेव आमच्यासारख्या कॉलेजने दर बॅचला कशी करायची. मुद्दा बरोबर आहे. दर बॅचला आयसीपी कोणाला परवडत नाही. पण नुसतं मीठ घोटून टॉर्च मारायला काय लागतं? ती टेस्ट आता त्यांच्या लॅब रजिस्टरमध्ये पहिल्या ओळीत आहे, कुठलाही ब्रोमाइड घोटण्याआधी. आयोडाइडवाल्यांना ती इतकी सोपी पडणार नाही, तिथे शिशाचं लाल-काळं चमकेलच असं नाही.

ॲबस्ट्रॅक्ट मागे न घेता बदलला. २४ चा आकडा गेला, ४३ आला, आणि विषय झाला मँगनीज ब्रोमाइडमध्ये शिशाचा अंश स्वस्तात कसा ओळखायचा. माझ्या मते हा आधीच्यापेक्षा जास्त कामाचा विषय आहे, बिनशिशाच्या नावाखाली बारीक ५२० चा हिरवा दिसला की मी तरी आता आधी विचारतो की त्याच लॅबमध्ये शिशाचं काम चालतं का. आणि चालतंच, कारण बिनशिशाकडे लोक शिशाकडूनच येतात, तेच बीकर, तेच स्पॅच्युला, तेच टेफ्लॉनचे मॅग्नेट घेऊन. टेफ्लॉनचा मॅग्नेट तर मॉर्टरपेक्षा वाईट, त्याच्या ओरखड्यात काय काय बसलेलं असतं.

जुना मॉर्टर नायट्रिक आणि वाळूने घासून साफ करता आला असता, पण तो कायमचा शिशाच्या कपाटात गेला, वर लाल टेप. गेल्या वर्षीची केशरी पावडर मात्र एका काचेच्या बरणीत बेसिनखाली निघाली, लेबल उडालेलं. ती आम्ही आमच्या घातक कचऱ्याच्या खेपेत, रीतसर नोंद करून, तळोज्याला पाठवली. यावर कॉलेजवाल्यांना मी जरा ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

आता उरली खरी, बिनशिशाची बॅच. तिच्याबद्दल उगाच कौतुक करणार नाही. चमक पहिलीच्या मानाने कमी हे दिसतंच आहे. २० मिलिॲम्पियरला निळ्या चिपवर ठीक दिसते, करंट वाढवत नेला की निळा वाढतो तसा हिरवा वाढत नाही, मागे पडतो, कारण रेंगाळणारा मँगनीज एक फोटॉन सोडेपर्यंत पुढच्याला घेऊ शकत नाही. बॅकलाइटमध्ये हे चालून जाईल, तिथे लाल रंगासाठी जो केएसएफ फॉस्फर (निळा उजेड पिऊन लाल देणारी पावडर) सर्रास वापरतात तो तर याच्याहून जास्त, काही मिलिसेकंद रेंगाळतो आणि टीव्ही चालतातच. पण फ्लडलाइटमध्ये नको. आणि ओल, तो मोठा प्रश्न. उघड्या सिलिकॉनमधला नमुना ८५ डिग्री, ८५ टक्के दमट चेंबरमध्ये ठेवला तर पहिल्याच तपासणीला हिरवा गेलेला होता, सिलिकॉनमधून वाफ आरपार जाते.

म्हणून आता दोन काचांच्या मध्ये कडेने सील करून नमुने बनवतोय, चिपपासून लांब ठेवता येतील असे. मुलींनी मँगनीजच्या जागी थोडं जस्त घालून पण एक बॅच केलीय, मँगनीज एकमेकांपासून लांब गेले की चमक सुधारते असं छापून आलंय, नव्या मॉर्टरमध्ये, आधी मीठ घोटून, टॉर्च मारून. ती पावडर स्कोपवर एकाच उताराने खाली येते, कडा नाही. शेठनी आणखी दोन अगेट मॉर्टरचे पैसे द्यायचं कबूल केलंय, अट अशी की चेंबरमधला काचेचा नमुना हजार तास टिकल्याशिवाय त्यांच्याकडे पावडर विकायला यायचं नाही.